तळटीपेतला कायदा

'संहिता' हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. समीक्षेत तो साहित्यकृतीच्या शब्दबद्ध रूपाला लावला जातो, तर न्यायालयात तो दंड संहितेसारख्या विधिग्रंथाला. साहित्याच्या अभ्यासकाने या दुसऱ्या घरी फारसे जाणे-येणे ठेवलेले नाही, आणि वकिलाला पहिल्या घराची गरज पडलेली नाही. तरीही संहिता हाती आल्यावर पहिला प्रश्न दोघांनाही एकच पडतो, किंवा पडायला हवा: हा पाठ कोणता? कोणत्या काळचा, कोणी सिद्ध केलेला, आणि त्यात मागाहून काय घातले-काढले गेले आहे? महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना भांडारकर संस्थेतील पंडितांनी १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतकाची वर्षे याच प्रश्नापायी खर्ची घातली. कायद्याच्या बाबतीत तोच प्रश्न रोज, ठाण्यात आणि कचेरीत, काही मिनिटांत सोडवावा लागतो. आणि तो चुकला तर माणूस कोठडीत जातो.

हा विषय आज घेण्यास एक निमित्त आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या 'एजंटां'ना अधिनियमित कायदे शोधून वाचता यावेत, यासाठी अलीकडे सॉफ्टवेअरची साधने तयार होऊ लागली आहेत. एजंट म्हटले की मराठी माणसाला विम्याचा किंवा आरटीओच्या दारातला एजंट आठवतो. उपमा अगदीच वाईट नाही. तोही आपल्या वतीने खिडकीवर जातो, कोणता अर्ज लागेल हे ठरवतो, कागद आणून देतो, आणि त्या कागदावर काय लिहिले आहे हे आपण बहुधा त्याच्याच तोंडून ऐकतो. यंत्रातला एजंट म्हणजे एका प्रश्नाला एक उत्तर देऊन थांबणारा नव्हे, तर दिलेले काम पायरीपायरीने स्वतः तडीस नेणारा प्रोग्राम. त्याच्या मुळाशी असलेले भाषा-प्रतिमान प्रचंड मजकूर वाचून घडलेले असते. त्या मजकुराची नक्कल त्याच्याजवळ नसते. असते ती त्या मजकुराची एक प्रकारची आठवण. कायद्याचे कलम विचारले तर ते या आठवणीतून बोलते, आणि आठवण चुकली तरी बोलण्याचा ठामपणा कमी होत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी यंत्राने सांगितलेले निवाडे सादर केले; ते निवाडे कधी झालेच नव्हते, असे उघड झाले आणि न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला.

यावर उपाय म्हणून आलेली ही साधने तशी साधी आहेत. कोणकोणते साधन उपलब्ध आहे आणि त्याला काय विचारता येते, याचे वर्णन प्रतिमानाला आधीच दिलेले असते. प्रश्न आला की ते स्वतः उत्तर न देता विनंती तयार करते: अमुक अधिनियम, अमुक कलम, अमुक तारीख. साधन ती विनंती सरकारी संकेतस्थळाकडे किंवा एखाद्या विधिसंग्रहाकडे नेते, मजकूर आणून प्रतिमानापुढे ठेवते, आणि मग ते त्या मजकुरावरून उत्तर रचते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची अशा देवाणघेवाणीची खुली रीत प्रसिद्ध केली, तेव्हापासून अशी साधने लिहिणे पुष्कळ सोपे झाले. थोडक्यात, मुखोद्गत सांगणाऱ्याच्या हाती पोथी देण्याचा हा उद्योग आहे.

पोथी का लागते, याचे आपल्याकडचे ताजे उदाहरण १ जुलै २०२४चे आहे. त्या दिवशी १८६०ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता अमलात आली. जुन्या संहितेत ५११ कलमे होती, नव्या संहितेत ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते आता १०३ आहे. नव्या संहितेतही ३०२ आहेच. पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याविषयी आहे. फसवणुकीचे ४२० आता ३१८व्या कलमाच्या चौथ्या उपकलमात गेले. भाषेने मात्र हा बदल मानलेला नाही. 'तो पक्का चारशेवीस आहे' असे म्हणताना कोणीही नवी संहिता उघडून पाहत नाही, आणि म्हणी-वाक्प्रचारांचा स्वभाव पाहता पुढेही पाहणार नाही. यंत्राची आठवण या बाबतीत आपल्या बोलण्यासारखीच आहे. दीडशे वर्षांचे निवाडे आणि वृत्तपत्रे ज्या ३०२ने भरली आहेत, तो आकडा नव्या ३०२ला सहजी जागा देणार नाही. त्यात आणखी एक गुंता असा, की जुनी संहिता रद्द झाली म्हणून ती निरुपयोगी झालेली नाही. १ जुलै २०२४च्या आधी घडलेला गुन्हा जुन्या संहितेनुसारच तपासला जातो. नव्या संहितेच्या अखेरच्या, म्हणजे ३५८व्या कलमात, त्याची सोय केलेली आहे. तेव्हा 'खुनाचे कलम कोणते' या प्रश्नाचे उत्तर, खून केव्हा झाला हे कळल्याशिवाय देताच येत नाही.

इथे पाठचिकित्सा आणि कायदा यांच्या वाटा वेगळ्या होतात, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून लक्षात घ्यावे. पाठचिकित्सक मागे मागे जातो. जितका प्राचीन पाठ हाती लागेल तितका तो समाधानी, आणि नंतरची भर त्याच्या दृष्टीने प्रक्षिप्त. कायद्यात प्रक्षेप हाच बहुधा प्रमाण असतो. दुरुस्ती अधिनियमाने घातलेला शब्द मूळ शब्दाला हुसकावून लावतो. तरीही मूळ शब्द खोटा ठरत नाही, कारण त्याच्या काळापुरता तोच कायदा होता. येथे मूलपाठ असा नसतोच. प्रत्येक पाठभेद कधी ना कधी प्रमाण होता, आणि प्रत्येकाला स्वतःची मुदत आहे.

पोथी कोणाच्या हाती असावी, हा वाद मात्र यंत्राइतका नवा नाही. आपल्या देशात तो अडीचशे वर्षांपूर्वी मोठ्या चुरशीने खेळला गेला. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने ठरवले, की वारसा, विवाह इत्यादी बाबतींत हिंदूंना शास्त्राचा आणि मुसलमानांना कुराणाचा कायदा लावावा. इंग्रज न्यायाधीशाला दोन्हींची भाषा येत नव्हती. म्हणून न्यायालयांत पंडित आणि मौलवी नेमले गेले. न्यायाधीश प्रश्न विचारी, पंडित शास्त्र पाहून व्यवस्था देई, आणि न्यायाधीश ती निकालात उतरवी. एजंट आणि त्याला मजकूर आणून देणारे साधन यांच्यातील संभाषणाची घडण जवळपास अशीच आहे.

हेस्टिंग्जने मधला एक उपायही करून पाहिला. अकरा पंडितांकडून संस्कृतात संग्रह करवला, त्याचे फार्सी करवले, आणि फार्सीवरून हॅल्हेडने इंग्रजी केले. तो ग्रंथ १७७६ साली प्रसिद्ध झाला. दोन गाळण्यांतून उतरलेल्या त्या इंग्रजीत मूळ किती उरले असेल, याची कल्पना भाषांतराचा पेपर शिकवणाऱ्या कोणालाही करता येईल. पुढे १७८३ साली विल्यम जोन्स कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून आला. पंडितांनी द्यावा आणि आपण घ्यावा, या परावलंबनाचा त्याला लवकरच वीट आला, आणि तो त्याने १७८५च्या सुमारास पत्रांतून बोलूनही दाखवला. तो संस्कृत शिकला, त्यामागे विद्येची आस होतीच; पण पंडिताने आणून दिलेला दाखला खरा की बनावट हे स्वतः पोथीत पाहता यावे, ही कामकाजाची निकडही होती. मनुस्मृतीचे त्याचे भाषांतर १७९४ साली निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. त्याने सुरू करवलेला संग्रह जगन्नाथ तर्कपंचाननांनी सिद्ध केला आणि कोलब्रुकने तो इंग्रजीत आणला. त्यात परस्परविरोधी मते शेजारी शेजारी मांडलेली होती आणि त्यांतले ग्राह्य कोणते हे पुष्कळदा सांगितलेलेच नव्हते. वकिलाला याहून चांगला आणि न्यायाधीशाला याहून वाईट ग्रंथ नाही, अशी त्याची ख्याती झाली ती उगाच नव्हे.

जोन्सच्या संशयाविषयी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि त्यात वसाहतीच्या सत्तेचा अहंकार होता हे कोणी नाकारणार नाही. पण आम्हांला त्यातली दुसरी बाजूही दिसते. पंडिताचे ज्ञान जिवंत होते. कोणते वचन कोठे लागू पडते, कोणते मागे पडले आहे, कोणत्या प्रांतात कोणत्या निबंधकाराचा मान आहे, हे त्याला ठाऊक असे. जोन्सला पोथी हवी होती, मिळाली तीही. परंतु पोथीबरोबर हे उमजणे येत नाही. मनुस्मृती इंग्रजीत आली आणि न्यायालयांत तिला जे वजन प्राप्त झाले, ते टीका-निबंधांतून शास्त्र वाचणाऱ्या पंडितांच्या परंपरेत तिला तसे एकटीला कधी नव्हते.

मुंबई इलाख्यात ही कथा थोडी निराळी घडली, आणि ती आमच्या मते अधिक शहाणपणाची आहे. १८२७च्या एल्फिन्स्टन कोडमध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या मुंबई रेग्युलेशनांत, चौथ्या रेग्युलेशनने निवाड्याचा क्रम लावून दिला: प्रथम पार्लमेंटचे कायदे आणि सरकारची रेग्युलेशने, ती नसतील तेथे देशाची रूढी, तीही नसेल तेथे प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सदसद्विवेक. रूढी ग्रंथाच्या आधी आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच सुमारास आर्थर स्टीलने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींची टिपणे काढली आणि बोराडेलने नीलकंठाच्या 'व्यवहारमयूखा'चे भाषांतर केले. मयूखाचे राज्य गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात. बाकी महाराष्ट्रात मिताक्षरा श्रेष्ठ. म्हणजे कलम शोधण्यापूर्वी पक्षकाराचा गाव शोधावा लागे.

पुढे रेमंड वेस्ट हा न्यायाधीश आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील संस्कृतचा प्राध्यापक गेऑर्ग ब्यूलर यांनी मिळून एक ग्रंथ सिद्ध केला. १८६७पासून तो प्रसिद्ध होऊ लागला. मुंबई इलाख्यातील न्यायालयांत शास्त्र्यांना वेळोवेळी जे प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरे दप्तरांतून काढून त्यांनी विषयवार लावली. आधी प्रश्न, मग शास्त्र्याचे उत्तर, मग त्याने दिलेले आधार, आणि गरज पडेल तेथे संपादकांचा शेरा. तो शेरा पुष्कळदा शास्त्र्याशी सहमत नसतो. एजंटाने दिलेले उत्तर, त्याने आणलेला पाठ आणि तपासणाऱ्याची टिप्पणी हे तिन्ही एकाच पानावर वेगवेगळे ओळखू यावेत, ही आजची सर्वांत मोठी मागणी आहे. ती या दोघांनी शिसाच्या खिळ्यांनी पुरी केली होती. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० साली व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृती यांचे संपादन-भाषांतर केले, तेव्हा बोराडेलच्या वाटेने जाऊन चुकलेल्यांना पुन्हा मूळ ग्रंथाशी आणण्याचे कामही त्यातून झाले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे हेही वकिलीच्याच पेशातले, हा योगायोग नसावा.

यात गंमत अशी, की न्यायालयांतील पंडित-मौलवींची पदे १८६४च्या अधिनियमाने रद्द झाली होती. भाषांतरे आणि जुने निकाल हाती आहेत, आता माणसाची गरज उरली नाही, असा तो निष्कर्ष. चारच वर्षांनी, १८६८ साली, रामनाडच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलला सांगावे लागले, की प्राचीन ग्रंथांतून काय निघते हे न्यायाधीशाने पाहायचे नाही; त्या प्रदेशातल्या परंपरेने काय स्वीकारले आणि वहिवाटीने काय टिकले हे पाहायचे, आणि वहिवाट स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती लिखित वचनाहून वरचढ. पण वहिवाट सांगणारा माणूस तोवर न्यायालयातून गेलेला होता.

विधिमंडळाने केलेल्या कायद्याची जात वेगळी. तेथे कर्ता ज्ञात, तारीख ज्ञात, शब्द मोजलेले. स्मृतिग्रंथांचे घोळ तेथे नसावेत असे वाटते. प्रत्यक्षात तेथेही पाठ आणि काळ यांची सांगड सहज बसलेली नाही. इंग्लंडमध्ये १७९३पर्यंत, वेगळी तारीख दिलेली नसेल तर, पार्लमेंटचा कायदा त्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासून लागू झाला असे मानले जाई. म्हणजे जानेवारीत केलेले कृत्य जूनमध्ये झालेल्या कायद्याने जानेवारीतच गुन्हा ठरू शकत असे. त्या वर्षी यासाठी स्वतंत्र कायदा करून, प्रत्येक अधिनियमावर राजसंमतीची तारीख लिहावी आणि तोच त्याचा आरंभ समजावा, असे ठरले. तारखेचा एवढासा शेरा, पण त्यासाठी पार्लमेंटला शतके लागली. त्याच १७९३ साली बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने ४१वे रेग्युलेशन काढून रेग्युलेशने क्रमवार छापावीत आणि देशी भाषांत त्यांची भाषांतरे व्हावीत अशी व्यवस्था केली. फॉर्स्टरने ती बंगालीत आणली. त्याआधी १७८५ साली जोनाथन डंकनने न्यायालयांच्या नियमांचे बंगाली भाषांतर छापले होते. हाच डंकन पुढे १७९५पासून १८११पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. बंगाली छापील गद्याच्या इतिहासाच्या पहिल्या पानांवर कथा-कादंबरी नसून कायदा आहे, हे गद्याच्या उगमाची चर्चा करताना आपण फार कमी वेळा आठवतो.

यंत्राचा प्रवेशही कायद्याच्या शब्दांपायीच झाला. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९५०च्या दशकाच्या अखेरीस असे ठरले, की कायद्यांत मंदबुद्धी मुलांसाठी जो शब्द वापरला जातो तो अवमानकारक आहे, तो सर्वत्र काढून दुसरा सौम्य शब्द घालावा. पण तो नेमका कोठे कोठे आहे? पिट्सबर्ग विद्यापीठातील जॉन हॉर्टी यांनी विद्यार्थ्यांना कायद्याचे खंड वाचायला बसवले. पुन्हा वाचून घेतले तरी सुटलेल्या जागा निघतच राहिल्या. शेवटी त्यांनी कायद्यांचा सगळा मजकूर संगणकात घातला आणि शब्द यंत्राकडून शोधवला. १९६० साली अमेरिकन बार असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी हे शोधतंत्र दाखवले. संपूर्ण मजकुरात शब्द शोधण्याची जी सोय आज आपल्याला श्वासोच्छ्वासासारखी वाटते, तिचा एक आरंभ असा एका शब्दाला हद्दपार करण्याच्या खटपटीत आहे. पुढचा प्रवास भराभर सांगता येतो. १९७३ साली लेक्सिस ही पैसे मोजून वापरायची सेवा निघाली. १९९२ साली कॉर्नेल विद्यापीठातून आणि १९९५ साली ऑस्ट्रेलियात कायदा सर्वांना फुकट वाचायला मिळू लागला. आपल्याकडे सुशांत सिन्हा यांनी २००८ साली 'इंडियन कानून' सुरू केले, आणि सरकारचे 'इंडिया कोड' आहेच.

या सगळ्यांत आजच्या साधनांच्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक घडवलेले काम ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे आहे. त्यांचे विधिविषयक संकेतस्थळ २०१० साली सुरू झाले. तेथे प्रत्येक कलमाला स्वतःचा पत्ता आहे: अधिनियमाचा प्रकार, वर्ष, क्रमांक, कलम, आणि शेवटी हवी असल्यास तारीख. तारीख बदलली की त्या तारखेला असलेला पाठ येतो. पाठांची ही परंपरा साधारणतः १ फेब्रुवारी १९९१पर्यंत मागे नेता येते. 'मूळ अधिनियमित' पाठ आणि 'सुधारित' पाठ असे दोन्ही वेगवेगळे ठेवलेले आहेत. आणि सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की एखादी दुरुस्ती झाली आहे पण संपादकांनी ती अजून पाठात उतरवलेली नाही, तर पानाच्या माथ्यावर तशी सूचना असते. स्वतःच्या अपुरेपणाची अशी कबुली देणाऱ्या सरकारी आवृत्त्या दुर्मीळ असतात.

आता साधन लिहिणाऱ्याची अडचण पाहा. एजंटापुढे ठेवण्याचा मजकूर आटोपशीर असावा, कारण प्रतिमानाला एका वेळी मर्यादित मजकूरच नीट हाताळता येतो आणि प्रत्येक शब्दाला पैसे पडतात. म्हणून साधन पान 'स्वच्छ' करते. माथ्यावरची सूचना जाते, समासातली टीप जाते, तळटीप जाते; कलमाचे शब्द तेवढे उरतात. काटकसर म्हणून हे योग्यच. परंतु कायद्याचे प्राण कित्येकदा त्या तळटिपेत असतात.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६ अ कलमाची हकीकत हे याचे उदाहरण आहे. २००८च्या दुरुस्तीने हे कलम आले आणि २००९मध्ये अमलात आले. संगणकावरून 'घोर अपमानकारक' किंवा त्रासदायक मजकूर पाठवणे हा त्याने गुन्हा ठरवला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला, आणि त्याला पसंती दर्शवल्याबद्दल दुसरीला, पालघरमध्ये अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६ अ होते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवून समूळ रद्द केले. येथे कथा संपायला हवी होती. ती संपली नाही. पुढची कित्येक वर्षे देशाच्या निरनिराळ्या भागांत याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. जुलै २०२१ मध्ये ही बाब पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा न्यायमूर्तींनी धक्का बसल्याचे बोलून दाखवले. त्या वेळी महान्यायवादींनी दिलेले स्पष्टीकरण पाठचिकित्सेच्या वर्गात वाचून दाखवावे असे आहे. अधिनियमाच्या पुस्तकात कलम तसेच छापलेले असते, असे त्यांनी सांगितले. ते रद्द झाल्याची नोंद असते ती तळटिपेत. फौजदार कलम वाचतो, तळटीप वाचत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये.

यात पुस्तक खोटे बोलत नव्हते. न्यायालय कलम घटनाबाह्य ठरवू शकते, पण पुस्तकातले अक्षर खोडण्याचे काम संसदेचे. तिने ते खोडेपर्यंत 'अधिनियमित' पाठात ते राहणारच. तेव्हा २०२१ साली एखाद्या एजंटाने 'अधिनियमात काय आहे' असे विचारले असते, तर साधनाने ६६ अ अक्षरशः अचूक आणून दिले असते, आणि उत्तर सर्वस्वी चुकीचे झाले असते. आठवणीतून बोलणारे यंत्र चुकते तेव्हा निदान शंका घेता येते. पोथी उघडून दाखवणारा चुकला तर शंका कोण घेणार? आम्हांला या साधनांविषयी वाटणारी धास्ती ही आहे. ती साधने नकोत अशी नाही. फौजदाराची नजर त्यांना मिळू नये एवढीच.

भारताच्या कायद्यात या संदर्भात एक तरतूद आहे, ती वाचून टीकावाङ्मयाच्या अभ्यासकाला हसू आल्याशिवाय राहणार नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७च्या ५२व्या कलमानुसार विधिमंडळाचा अधिनियम कोणालाही छापता येतो, त्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही. मात्र अट अशी, की त्याच्यासोबत काही भाष्य किंवा अन्य स्वतंत्र मजकूर असला पाहिजे. म्हणजे मूळ छापायचे तर टीकेसह. हेतू अर्थातच व्यापारी आहे, सरकारी छापखान्याची विक्री राखण्याचा. पण भाष्याशिवाय सूत्र उघडे ठेवू नये, हा जुना संकेत त्यात नकळत उतरला आहे. ज्या पुस्तकांच्या दुकानांत विद्यार्थी 'बेअर अ‍ॅक्ट' मागतात, तेथेही पूर्ण उघडे असे काही मिळत नाही. बारीक टाइपात 'अमुक अधिनियमाने, अमुक तारखेपासून, अमुक शब्दांऐवजी' अशा टिपांची रांग पानाच्या तळाशी असते. चिकित्सक आवृत्तीच्या तळाशी असलेल्या पाठभेदांपेक्षा ती दिसायला वेगळी नाही.

शेवटी मराठीविषयी. संविधानाच्या ३४८व्या अनुच्छेदाप्रमाणे, संसद दुसरी व्यवस्था करीपर्यंत, अधिनियमांचा प्राधिकृत पाठ इंग्रजी. राज्याने आपल्या भाषेत कायदा केला तरी राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेले त्याचे इंग्रजी भाषांतर प्राधिकृत मानले जाते. ही कोंडी थोडीशी सैल करण्यासाठी १९७३ साली प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधि) अधिनियम झाला. त्यानुसार राष्ट्रपतींच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेले केंद्रीय कायद्याचे मराठी भाषांतर हा त्या कायद्याचा मराठीतील प्राधिकृत पाठ होतो. अधिनियमाच्या नावातच 'पाठ' आहे. भाषा संचालनालयाने १९६०पासून घडवलेली परिभाषा, 'पोटकलम', 'परंतुक', 'अनुसूची', 'निरसन' हे शब्द, या पाठांत वावरतात. त्यांच्या बोजडपणाची थट्टा आम्हीही वर्गात केलेली आहे, आणि काही शब्द थट्टेलाच पात्र आहेत. परंतु 'परंतुक' हा शब्द मात्र सुरेख आहे. सबंध नियम एका 'परंतु'वर कसा फिरतो हे त्या एका शब्दाने सांगितले.

एजंटाची साधने या मराठी पाठापर्यंत सहसा पोचत नाहीत. जुने राजपत्र छायाचित्ररूपात असते, आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला बराच मराठी मजकूर डोळ्यांना स्वच्छ दिसतो पण यंत्राने उचलला की निरर्थक खुणांची रास होतो. म्हणून साधन इंग्रजी पाठ आणते आणि प्रतिमान त्याचे मराठी स्वतः करते. ते मराठी कित्येकदा सरकारी मराठीहून वाचायला सोपे असते, हे मान्य केले पाहिजे. कूळ-वहिवाटीची किंवा वारसाची बाब घेऊन आलेला माणूस ते वाचून समाधानाने परतेल. ज्या शब्दांत राजपत्राने तो कायदा मराठीत प्रसिद्ध केला, ते शब्द त्याला दिसलेले नसतील. आणि जे दिसले, ते कोणत्याही सभागृहाने संमत केलेले किंवा कोणत्याही राजपत्राने छापलेले नसतील. वेस्ट आणि ब्यूलर यांच्या ग्रंथात निदान शास्त्र्याचे उत्तर कोठे संपते आणि शेरा कोठे सुरू होतो, हे वेगळे छापलेले होते.